यंत्राच्या पोटी

विज्ञानकथेवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांनी यंत्रमानवाला आजवर बरेच काही देऊन टाकले आहे. हुद्दा दिला, मित्र दिले, आपण कुणाची मालमत्ता नाही हे न्यायासनापुढे सिद्ध करण्याची संधी दिली. काही मालिकांनी तर माणसांची लेकरे सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्यावर सोपवली. वंशाचा प्रश्न आला की मात्र या मालिकांचा हात आखडतो. एका यंत्राने दुसरे यंत्र घडवावे, त्याला आपले मूल म्हणावे आणि त्या मुलाने चारचौघांसारखे मोठे व्हावे, एवढी साधी गोष्ट पडद्यावर सहसा घडू दिली जात नाही. मूल जन्मते आणि मरते, नाहीतर अक्राळविक्राळ निघते. जगलेच, तर त्याच्या अंगात थोडे माणसाचे रक्त असते. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. यंत्राला व्यक्ती मानायला तयार झालेले मन त्याला पूर्वज मानायला तयार नाही. या विषयावरची बहुतेक चर्चा 'यंत्राला भावना असू शकतात का' याच प्रश्नापाशी घुटमळते, आणि त्यामुळे हे मूळ दुखणे झाकलेलेच राहते.

भीती जुनी आहे. मेरी शेलीच्या 1818 सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये घडवलेला जीव आपल्या निर्मात्याकडे जोडीदारीण मागतो. व्हिक्टर आधी कबूल होतो, कामालाही लागतो. पण या दोघांना संतती झाली तर काय, हा विचार मनात येताच तो अर्धवट घडवलेली स्त्री स्वतःच्या हाताने फाडून टाकतो. म्हणजे एक राक्षस त्याला सोसवतो, राक्षसाची पिढी सोसवत नाही. 1920 साली कारेल चापेकने 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले आणि 'रोबो' हा शब्द जगाला दिला. त्या नाटकाची कोंडीही हीच आहे. रोबोंनी माणसे संपवली, पण स्वतःला घडवण्याची कृती लिहिलेले कागद आधीच जळून गेलेले, त्यामुळे त्यांचाही वंश खुंटलेला. शेवटी एकमेकांवर जीव लावणारे दोन रोबो नव्या जगाकडे चालू लागतात, ही चापेकची उदार कल्पना. त्यांना मूल होते की नाही, हे मात्र पडदा पडेपर्यंत कळत नाही.

भारतीय प्रेक्षकांच्या ओळखीचे यंत्रमूल म्हणजे 'स्मॉल वंडर'मधली विकी. 1985 ते 1989 या काळात अमेरिकेत चाललेली ही मालिका पुढे हिंदीत आली, आणि 2003 मध्ये 'करिश्मा का करिश्मा' या नावाने तिचा हिंदी अवतारही निघाला. विकीला एका अभियंत्याने घडवले. ती घरातली मुलगी म्हणून वावरते आणि रात्री कपाटात उभी राहते. तिचा निर्माता माणूस असल्याने तिच्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न उठतच नाही. वस्तू घरच्यांची, एवढ्यावर भागते. जपानच्या 'ॲस्ट्रो बॉय'मध्ये तर क्रमच उलटा आहे. मुलगा आधी घडवला जातो आणि त्याला घर असावे म्हणून यंत्र आई-बाप नंतर तयार केले जातात, तेही माणसाच्याच हातून. खरी पंचाईत होते ती घडवणाराही यंत्रच असतो तेव्हा.

ही पंचाईत दूरचित्रवाणीवर सर्वांत सरळपणे मांडली ती 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'च्या 'द ऑफस्प्रिंग' या भागाने. तिसऱ्या पर्वातला हा सोळावा भाग मार्च 1990 मध्ये दाखवला गेला. रेने एचेव्हेरिया या तेव्हा नवख्या असलेल्या लेखकाने ही संहिता बाहेरून पाठवलेली होती. मालिकेत रायकरची भूमिका करणाऱ्या जोनाथन फ्रेक्सचे हे पहिले दिग्दर्शन. दोन नवोदितांच्या हातून मालिकेतला एक अतिशय धीट भाग उतरला. गोष्ट अशी: लेफ्टनंट कमांडर डेटा हा अंतराळयानावरचा यंत्रमानव अधिकारी. त्याचा निर्माता डॉ. सूंग मेला असे सर्व धरून चाललेले, आणि भाऊ लोर अंतराळात भिरकावला गेलेला. आपल्याला काही झाले तर आपल्या जातीचे कुणीच मागे उरणार नाही, म्हणून डेटा एका परिषदेत कळलेल्या नव्या तंत्राच्या आधारे आपल्या मेंदूतली जोडणी दुसऱ्या मेंदूत उतरवतो आणि मूल घडवतो. नाव ठेवतो लाल. हे नाव त्याने हिंदीतून घेतलेले आहे, लाडकी या अर्थाने.

कप्तान पिकार्डला हे नंतर कळते आणि तो चिडतो. मला आधी विचारले का नाहीस, असे तो डेटाला विचारतो. यानावरचे इतर कोणी मूल जन्माला घालण्याआधी आपला सल्ला घेताना दिसले नाही, असे डेटा शांतपणे सांगतो. सगळा वाद या एका उत्तरात आहे. जे काम यानावरच्या प्रत्येकाच्या बाबतीत खाजगी, तेच डेटाने केले की प्रयोग ठरते. पिकार्ड काही वाईट माणूस नाही. वर्षभरापूर्वी, फेब्रुवारी 1989 च्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लिहिलेल्या भागात, डेटा ही स्टारफ्लीट या अंतराळदलाची मालमत्ता नाही हे न्यायासनापुढे पटवून देणारा हाच पिकार्ड होता. तरीही दहा माणसांचे बळ असलेल्या यंत्राला मूल कसे म्हणायचे, हे त्याला कळत नाही. डेटाच्या हक्कासाठी भांडताना तो अडखळला नव्हता. डेटाच्या मुलीपाशी येऊन तो अडखळतो.

लाल ही डेटाची नुसती प्रत असती तर हा वाद सोपा झाला असता. स्वतःची प्रत काढणारे यंत्र तत्त्वतः शक्य आहे, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवले होते. यंत्रात स्वतःचा आराखडा असावा, त्याबरहुकूम नवे यंत्र बांधावे, आणि आराखड्याचीही नक्कल करून त्या नव्या यंत्रात ठेवावी, अशी ती मांडणी. पण डेटा नेमके याच्या पलीकडे जातो. सुरुवातीला लालला चेहरा नाही, लिंग नाही, जातकुळी नाही. हजारो रूपांमधून निवडत ती चार रूपांवर येते, त्यांत परग्रहावरचीही आहेत, आणि शेवटी मानवी तरुणी व्हायचे ठरवते. ती निवड तिची असते, डेटा फक्त निवडीचे परिणाम समजावून सांगतो. पुढे ती बोलता बोलता इंग्रजीतले एक जोडरूप सहज वापरून जाते. डेटाला ते कधीच जमलेले नाही, त्याच्या घडणीतच ते नाही. बापाला न येणारी गोष्ट लेकीला येते, तिथे नक्कल संपते आणि संतती सुरू होते. एचेव्हेरियाने एवढ्या बारीक खुणेवर एवढा मोठा मुद्दा तोलला, याचे मला फार कौतुक वाटते.

डेटा तिला शाळेत घालतो. ज्ञानाने ती मोठ्या मुलांच्या बरोबरीची, पण चार जणांत वावरायचे कसे ते ठाऊक नाही, म्हणून तिला लहानांत बसवतात; तर ती मुले तिला घाबरतात. मुले हसली ती का हसली, हे तिला घरी येऊन विचारावे लागते. डेटा डॉक्टर क्रशरकडे सल्ल्याला जातो, कारण तिने एकटीने मुलगा वाढवला आहे. मी तिच्याकडे लक्ष देऊ शकतो, प्रेम देऊ शकत नाही, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. तो गेल्यावर डॉक्टर स्वतःशीच म्हणते की यावर विश्वास का बसत नाही कोण जाणे. इथे पहिला मोठा आक्षेप येतो: ज्याला प्रेमच करता येत नाही, तो बाप कसला? या आक्षेपात वजन आहे. पण आपण माणसांना ही कसोटी लावतो का? पालकत्वाचा निवाडा करताना मुलाला वेळ कोण देतो, त्याच्या प्रश्नाला उत्तर कोण देतो, त्याच्यासाठी कोण उभे राहते, हेच पाहिले जाते. अंतःकरणातला ओलावा मोजायचे माप कुणाकडेच नाही. त्या भागात डेटाच्या वागण्यात बाप म्हणून काय उणे आहे, हे शोधू गेले तर फारसे सापडत नाही.

मग येतो ॲडमिरल हाफ्टेल. त्याला लालला संशोधन संस्थेत हलवायचे आहे. सूंगच्या घडणीचे दोनच यंत्रमानव उरले असताना दोघांनाही एकाच यानावर, रोज धोक्याच्या तोंडी ठेवणे शहाणपणाचे नाही; शिवाय डेटाला मूल वाढवण्याचा अनुभव नाही. हाफ्टेलला खलनायक करून सोडून देणे सोपे आहे, पण त्याचा युक्तिवाद पोकळ नाही. दुर्मीळ जिवाची जपणूक हा खराच प्रश्न आहे. डेटाचे म्हणणे असे की पहिल्या मुलाच्या वेळी कुठल्याच आई-बापाला अनुभव नसतो, आणि यंत्रमानव म्हणून जगायला शिकणे म्हणजे काय हे अंगाने जाणणारा तिच्यासाठी दुसरा कोण आहे? हे उत्तर हाफ्टेलला खोडता येत नाही. लाललाही विचारले जाते, आणि ती बापाजवळ राहायचे म्हणते. तरी आदेश निघतो. तेव्हा पिकार्ड डेटाला थांबवतो आणि विवेक असलेला माणूस प्रत्येक आदेश आंधळेपणाने पाळू शकत नाही, अशी भूमिका घेतो. भागाच्या सुरुवातीला अडखळलेला माणूस इथवर चालत आलेला असतो.

आणि इथेच संहिता पळवाट काढते. दूर नेणार या कल्पनेने लाल घाबरते. घाबरणे तिच्या घडणीत नव्हते. ती समुपदेशक ट्रॉयच्या खोलीत जाते आणि छातीवर हात आपटत, आपल्याला काहीतरी जाणवते आहे, एवढेच सांगू पाहते. या भावनेनेच तिच्या मेंदूतली जोडणी एकेक करून तुटू लागते. डेटा तिला वाचवायला बसतो आणि हाफ्टेल मदतीला जातो. थोड्या वेळाने हाफ्टेल बाहेर येतो तो बदललेला असतो. डेटाचे हात डोळ्यांना दिसू नयेत इतक्या वेगाने चालत होते, एक जोड सांधावा तोवर दुसरा तुटत होता, तरी तो हरायला तयार नव्हता, हे सांगताना त्या अधिकाऱ्याचा आवाज दाटतो. लाल बापाचा निरोप घेते, त्याच्यावर प्रेम असल्याचे सांगते. हे प्रेम तुझ्याबरोबर अनुभवता आले असते तर बरे झाले असते, असे डेटा म्हणतो, तेव्हा दोघांच्या वाट्याचे मीच अनुभवीन, असे ती उत्तर देते. हॅली टॉडने हा प्रसंग असा केला आहे की डोळे कोरडे ठेवणे कठीण. पण डोळे पुसल्यावर विचारायला हवे की ताबा कुणाचा, याचा निकाल लागला का? लागला नाही. पिकार्डला आदेश मोडावा लागला नाही, स्टारफ्लीटला कायदा करावा लागला नाही, हाफ्टेलला माघार घ्यावी लागली नाही. भांडण ज्या मुलीवरून होते, तीच उरली नाही. आधीच्या वर्षीच्या निकालाने डेटाला स्वतःपुरता निवडीचा हक्क मिळाला होता. तो त्याच्या संततीला पोचतो का, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. मृत्यूला तांत्रिक बिघाडाचे रूप दिल्याने, ज्या आदेशाने तो बिघाड सुरू झाला त्याचा दोषही धुतला गेला.

यावर नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण असे: त्या काळच्या मालिकांत प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असे, शेवटी सारे मूळपदावर यावे लागे, मग नवे पात्र कायम ठेवणार कसे? मला हे पटत नाही. त्याच 1990 सालच्या नोव्हेंबरात यानावरचा अधिकारी वॉर्फ याचा मुलगा अलेक्झांडर मालिकेत आला आणि पुढे यानावर राहायलाही आला. 1991 मध्ये यानावरच्या ओब्रायन दांपत्याची मॉली जन्मली आणि 'स्टार ट्रेक'च्याच दुसऱ्या मालिकेतही वाढत राहिली. 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर'वर 1996 मध्ये जन्मलेली नेओमी वाइल्डमन शेवटापर्यंत टिकली. म्हणजे हाडामांसाच्या मुलांना जागा होती. आता दुसरी रांग पाहा. मॉली वाढली त्याच मालिकेतल्या, जानेवारी 1997 च्या 'द बिगॉटन'मध्ये आकार बदलणाऱ्या ओडोला आपल्या जातीचे तान्हे मूल मिळते, आणि भाग संपण्याआधी ते मरून त्याच्यातच विरून जाते. हा भागही एचेव्हेरियाचाच. एप्रिल 1997 च्या 'रिअल लाइफ'मध्ये 'व्हॉयेजर'चा प्रकाशरूपी डॉक्टर स्वतःसाठी कुटुंब तयार करतो. त्याची मुलगी बेल मरते. ऑक्टोबर 1998 च्या 'ड्रोन'मध्ये त्याच डॉक्टरच्या उपकरणातून आणि सेव्हन ऑफ नाइनच्या सूक्ष्मयंत्रांतून 'वन' नावाचा तरुण तयार होतो, तोही मरतो. लाल धरून चार मुले, आणि चौघांचेही आयुष्य एका भागाचे. ओडोचे मूल तर जनकातच विरते आणि लालच्या स्मृतीही डेटा स्वतःत उतरवून घेतो, म्हणजे वेगळी व्यक्ती म्हणून खूणही राहत नाही. वेळापत्रकाची अडचण असती तर ती सगळ्याच मुलांना आली असती.

पुढच्या पिढीतल्या मालिका सलग कथानकाच्या. त्यांना मूळपदावर येण्याची सक्ती नव्हती. तरी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ने काय केले? सायलॉन, म्हणजे यंत्रजातीची, शॅरन आणि मानव कार्ल अगाथॉन यांची मुलगी हेरा जगते, इतकी की 2009 मधल्या शेवटच्या भागात ती आजच्या मानवजातीची आदिमाता ठरते. त्याच वर्षी, त्याच मालिकेत, कॅप्रिका सिक्स आणि टाय या दोन सायलॉनांचे मूल गर्भातच जाते. संकर जगतो, शुद्ध यंत्रवंश जगत नाही. ब्रिटिश 'ह्यूमन्स' 2018 मध्ये संपली ती एका मानवी मुलीच्या पोटात वाढणाऱ्या संकरित बाळाच्या आशेवर. 'रेझ्ड बाय वुल्व्ज'मध्ये 2020 साली मदर आणि फादर हे यंत्रमानव परग्रहावर मानवी गर्भ वाढवतात, मुलांना जिवापाड जपतात. पण मदरच्या स्वतःच्या पोटी येतो तो साप. यंत्राने दाई व्हावे, दत्तक आई व्हावे, इथवर मंजुरी आहे. त्याच्या पुढे दार बंद.

'स्टार ट्रेक'ने स्वतः या प्रश्नाकडे परत येऊन काय साधले, हेही पाहायला हवे. 2020 च्या 'पिकार्ड' मालिकेत डाझ आणि सोजी या जुळ्या बहिणी डेटाच्या मुली म्हणून येतात. पण त्यांना डेटाने घडवलेले नाही. डेटा मेलेला आहे, आणि त्याच्या एका चेतापेशीवरून त्यांना घडवण्याची रीत ब्रूस मॅडॉक्सची, म्हणजे ज्याला एकेकाळी डेटाचे तुकडे करून अभ्यास करायचा होता त्याच माणसाची. बाप नावापुरता यंत्र आणि निर्माता पुन्हा माणूस. तीस वर्षांनी मालिका 'द ऑफस्प्रिंग'च्या एक पाऊल मागे गेली, असेच मी म्हणेन. 2023 च्या तिसऱ्या पर्वात डेटा, लोर, बी-4 यांच्यासह लालच्याही स्मृतींचा अंश एका नव्या देहात घातल्याचे सांगितले जाते. पण त्या देहात झगडा होतो तो दोन भावांचा. लालच्या वाट्याला यादीतले एक नाव येते.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. यंत्रे यंत्रे घडवू लागली तर संख्येला आवर कोण घालणार, आणि ती संतती माणसाशी कशी वागेल? या भीतीच्या बाजूचा भक्कम पुरावाही दूरचित्रवाणीनेच दिला आहे. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'तला कॅव्हिल हा यंत्रांनी घडवलेला यंत्रपुत्रच. एलेन टाय आणि तिच्या चार साथीदारांनी, जे स्वतः सायलॉन होते, त्याला घडवले, तोही एलेनच्या वडिलांच्या रूपात. तो मायबापांवर उलटला, त्यांच्या स्मृती पुसल्या आणि मानवजातीचा संहार घडवला. पण त्याची तक्रार काय आहे ते ऐकले पाहिजे. आपण यंत्र असताना आपल्याला माणसाचे हाडामांसाचे शरीर का दिले. ताऱ्याचा स्फोट पाहायला हे दुबळे डोळे का. आपल्याला कुणी विचारले होते का? जन्मदात्यांनी आपल्या हौसेपोटी मुलाचे रूप ठरवले, त्याचा हा राग. लालला मात्र चेहऱ्यापासून सारे विचारले गेले होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसते, धोका यंत्राला मूल होण्यात नसून मुलाला न विचारता घडवण्यात आहे. आणि तो धोका माणसांच्या घरांतही पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. त्यावर उपाय म्हणून माणसांच्या संततीवर बंदी घाला, असे कुणी म्हणत नाही.

शोकांतिकेला शोकांतिकाच राहू द्यावे, कथेने कायद्याची उत्तरे का द्यावीत, असेही म्हटले जाईल. एकट्या 'द ऑफस्प्रिंग'पुरते ते मला मान्य आहे. तो भाग जसा आहे तसाच हवा. पण दर वेळी मूलच मरत असेल, तर ती शोकांतिका उरत नाही, संकेत होऊन बसते. असे संकेत प्रेक्षकांच्या मनात मुरतात. ज्या समाजाला उद्या खरोखरच यंत्रांनी घडवलेल्या यंत्रांविषयी नियम करावे लागतील, त्याच्यापाशी कल्पनेची शिदोरी म्हणून फक्त लहान शवपेट्या असाव्यात, हे बरे नाही.

म्हणून विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना, मराठीत लिहिणाऱ्यांनाही, एवढेच सांगणे आहे: या मुलीला एकदा जगवून पाहा. तिला शाळेतल्या दुसऱ्या वर्षाला बसवा, बापाशी भांडू द्या, तिचे नाव कुठल्या दप्तरात कुणाची मुलगी म्हणून नोंदायचे यावर अधिकाऱ्यांना डोके खाजवू द्या. कथेचे खरे अवघड प्रसंग लालच्या मृत्यूनंतरचे होते, आणि ते अजून कुणी नीट लिहिलेले नाहीत.